हात लागला, पण हँडबॉल झाला का? टपरीवर आणि टीव्हीसमोर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ-जळगाव पट्ट्यात शाळा-कॉलेजच्या आणि हौशी स्पर्धांच्या फुटबॉल मॅचेसना मी बरीच वर्षं शिट्टी वाजवतोय. मॅच संपली की चहाच्या टपरीवर तेच ते प्रश्न येतात. युरोपातली मॅच असली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत आलेल्या पोरांच्या घोळक्यात येतात. धुळे-अमळनेरकडचा एखादा असला तर थेट अहिराणीत: "हात लागना ना भो, मग पेनल्टी काबर नही दिन्ही?" उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

बॉलला हात लागला म्हणजे हँडबॉल, इतकं सोपं का नाही?

कारण नियमात तसं लिहिलेलंच नाही. फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी बाराव्या नियमात साफ म्हटलंय, की बॉल हाताला लागण्याची प्रत्येक घटना हा गुन्हा नाही. गुन्हा तीन वाटांनी होतो. पहिली वाट, खेळाडूने मुद्दाम हात लावला, म्हणजे हात बॉलकडे नेला. दुसरी, हात अशा जागी होता की त्यामुळे शरीर अनैसर्गिकपणे मोठं झालं. तिसरी, स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला किंवा हाताला लागल्यावर त्याच खेळाडूने लगेच गोल केला. या तिसऱ्या वाटेत चुकून लागला असला तरी माफी नाही.

भांडणं बहुतेक दुसऱ्या वाटेवर होतात. पहिलीत खेळाडूचा हेतू बघायचा असतो, तिसरीत फक्त घटना. दुसरीत मात्र पंचाला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज म्हटला की प्रत्येकाचा वेगळा.

हात म्हणजे कुठून कुठपर्यंत?

काखेच्या खालच्या टोकापासून पुढे बोटांपर्यंत. त्याच्या वर खांदा, आणि खांद्याने गोल केला तर खुशाल. ही रेघ नियमपुस्तकात २०२० मध्ये आली. तोंडी सांगताना लोक "टी-शर्टची बाही संपते तिथून" म्हणतात. पण आपल्याकडच्या पोरांच्या जर्सी दोन नंबर मोठ्या असतात, बाही कोपरापर्यंत येते. तेव्हा बाही बघू नका, काख बघा.

"शरीर अनैसर्गिकपणे मोठं करणं" म्हणजे काय हो?

शेतात पाखरं हाकलायला बुजगावणं उभं करतात ना, हात पसरून? बचाव करणारा खेळाडू शॉटसमोर तसा उभा राहिला आणि बॉल त्या पसरलेल्या हातावर आदळला, तर तो म्हणू शकत नाही की मी हात हलवलाच नाही. हात आधीच आडवा ठेवून त्याने बॉलच्या वाटेत भिंत रुंद केली.

पण नियमाचा अर्धा भाग लोक विसरतात. त्या क्षणी शरीराच्या हालचालीमुळे हात तिथे जाणं साहजिक होतं का, हेही पंचाने बघायचं असतं. हात मांडीला चिकटवून कोणी पळत नाही. उडी मारताना हात वर जातात, त्याशिवाय उडीच लागत नाही. घसरून टॅकल करताना एक हात जमिनीवर टेकतो, नाहीतर तोंडावर आपटाल. विश्वास बसत नसेल तर अंगणात दोन्ही हात पाठीमागे बांधून पन्नास पावलं पळून बघा.

हल्ली टीव्हीवर बचावपटू पेनल्टी क्षेत्रात हात मागे बांधून उभे दिसतात, मास्तरांनी शिक्षा दिलेल्या पोरासारखे. नियमाने त्यांना तसं सांगितलेलं नाही, भीतीने शिकवलंय. तसं उभं राहिलं की तोल जातो, वळायला वेळ लागतो, समोरचा फॉरवर्ड अलगद निसटतो. माझ्या मते या नियमाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि ते कुठल्याही रिप्लेत दिसत नाही.

फार जवळून मारलेला बॉल असेल तर सूट मिळते ना?

लिहिलेली सूट नाही. अंतर बघून पंच विचार करतो, कारण दोन फुटांवरून आलेल्या बॉलपासून हात काढायला वेळच मिळत नाही. पण हात आधीच बुजगावण्यासारखा असेल तर अंतर कितीही कमी असो, वाचवणार नाही.

गंमत अशी की २०१९ मध्ये नियम नव्याने लिहिला तेव्हा सवलतींची यादीच दिली होती: स्वतःच्या अंगाला लागून हातावर आला, जवळच्या दुसऱ्या खेळाडूला लागून आला, पडताना आधाराला टेकलेल्या हाताला लागला. आणि हात खांद्याच्या वर असेल तर बहुधा गुन्हाच, असंही होतं. लोक खूश झाले, पाठांतर करता येतं म्हणून. पण वर्षा-दोन वर्षांत दिसून आलं की यादी वाढवली तरी खेळ यादीबाहेर निघतोच. २०२१ मध्ये ती यादी काढली आणि निर्णय पुन्हा पंचाच्या समजुतीवर सोपवला. टपरीवरचे अर्धे वाद अजून त्या जुन्या यादीवर चालतात. नियम बदलून वर्षं झाली, माणसं २०१९ मध्येच थांबलीत.

स्वतःच्याच अंगाला लागून बॉल हातावर आला तर?

इथे मी माझीच चूक सांगतो.

सतरा वर्षांखालच्या मुलांची शालेय मॅच होती. एप्रिल नव्हता, पण आपल्याकडे ऊन्हाला महिना लागत नाही. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेला बॉल आला, बचावातल्या पोराने तो मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, बॉल मांडीवरून उसळून त्याच्या दंडाला लागला आणि बाहेर गेला. हात अंगालगतच होता. मी दहा-बारा यार्डांवर होतो, मांडी दिसली होती, दंडही दिसला होता. पण बाजूच्या लोखंडी कठड्यावर बसलेली सगळी पोरं एकदम ओरडली, "हॅऽऽण्ड!" आणि माझी शिट्टी वाजली. वाजल्याचं मलाच आधी कळलं नाही.

पेनल्टी, गोल, मॅच गेली. तो पोरगा मॅचनंतर माझ्याकडे आला आणि भांडला नाही. फक्त मांडी दाखवली. चिखलाचा गोल ठसा होता, बॉलच्या शिवणीसकट. मी काही बोललो नाही. आजही त्या मैदानाच्या कठड्याकडे बघितलं की तो ठसा आठवतो.

तर उत्तर असं: नियमात आता याची वेगळी ओळ नाही, पण अंगालगत असलेल्या हातावर स्वतःच्या मांडीवरून उसळलेला बॉल हा दुसऱ्या वाटेत बसत नाही. मोठ्यांच्याही हातून असंच होतं. २८ नोव्हेंबर २०२३ ला चॅम्पियन्स लीगच्या मॅचमध्ये पॅरिसला इंग्लंडचा न्यूकॅसल क्लब पॅरिस सेंट-जर्मेंविरुद्ध एक गोलने पुढे होता, इंज्युरी टाइम चालू होता. न्यूकॅसलच्या टिनो लिव्ह्रामेंटोच्या अंगाला लागून बॉल हाताला लागला, व्हिडिओ बघून पंचाने पेनल्टी दिली आणि किलियन एम्बापेने बरोबरी केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ही स्पर्धा भरवणाऱ्या युएफाच्याच, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्याच सल्लागार मंडळाने सुचवलं होतं की अंगावरून उसळून आलेल्या बॉलला हँडबॉल धरू नये. न्यूकॅसलवाल्यांचा जळफळाट समजण्यासारखा आहे.

गोल करणाऱ्याला वेगळा न्याय का?

हाताने झालेला गोल डोळ्यांना बोचतो, म्हणून. २०१९ मध्ये नियम फार कडक केला होता: हल्ला करणाऱ्या संघातल्या कोणाच्याही हाताला चुकून लागून गोल झाला तरी रद्द. मग चार पासांपूर्वी कोणाच्या तरी बोटाला घासलेल्या बॉलवरून गोल रद्द व्हायला लागले, आणि २०२१ मध्ये हे आवरलं. आता चुकून लागला असेल तर फक्त गोल करणाऱ्याच्या स्वतःच्या हाताचाच हिशेब होतो. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून पास गेला आणि दुसऱ्याने मारला, तर गोल कायम.

"म्हणजे थिएरी हेन्रीचा आज चालला असता?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. नाही. १८ नोव्हेंबर २००९ ला आयर्लंडविरुद्ध हेन्रीने बॉल हाताने आवरला आणि विल्यम गॅलासला दिला. ते चुकून नव्हतं. मुद्दाम हात लावला तर गोल कोणीही करो, गुन्हा आहेच. फ्रान्स त्या गोलवर विश्वचषकाला गेला आणि आयर्लंड घरी बसलं.

गोलकीपरला सगळं माफ असतं का?

स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रातच. बाहेर आला की तो इतरांसारखाच. आतही सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल किंवा त्याचा थ्रो-इन हातात घेतला तर अप्रत्यक्ष फ्री किक. शिवाय २०२५-२६ च्या मोसमापासून बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर. आधी सहा सेकंदांचा नियम होता, तो कोणी पाळत नव्हतं आणि कोणी लावतही नव्हतं.

हँडबॉलला लाल कार्ड कधी?

मुद्दाम हात लावून गोल किंवा गोलची उघड संधी अडवली तर. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणजे २ जुलै २०१० ची विश्वचषकातली जोहान्सबर्गची उरुग्वे-घाना मॅच. एक्स्ट्रा टाइमचा शेवटचा क्षण, बॉल गोलात चाललेला, उरुग्वेच्या लुईस सुआरेझने रेषेवर दोन्ही हातांनी अडवला. लाल कार्ड, पेनल्टी. घानाच्या असामोआ ग्यानने ती क्रॉसबारवर मारली आणि पुढे शूटआऊटमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकलं. सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून नाचत होता.

लोक म्हणतात, नियम मोडून जिंकला, हा कसला न्याय? पंचाने त्या दिवशी नियमातली असेल नसेल ती सगळी शिक्षा दिली होती. बॉल गेलाच असता म्हणून पेनल्टीऐवजी थेट गोल द्यायची तरतूद नियमात आजही नाही.

२०२४ पासून एक फरक झाला. हात मुद्दाम नव्हता, पण शरीर मोठं केलं म्हणून पेनल्टी दिली आणि त्याने गोल अडला, तर आता लाल नाही, पिवळं. सुआरेझला मात्र आजही लालच मिळेल.

व्हीएआर नेमकं कशात लक्ष घालतं?

व्हिडिओ असिस्टंट रेफ्री २०१८ मध्ये नियमपुस्तकात आला, आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात वापरला गेला. मुळात त्याची चार कामं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. त्यातही मैदानावरच्या पंचाची चूक उघड आणि ठळक हवी, किंवा एखादी गंभीर गोष्ट त्याला दिसलीच नसावी. "मला वेगळं वाटलं" एवढ्यावर ढवळाढवळ करायची नाही.

क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. रेषेच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता, आणि कॅमेऱ्याने तो सोडवला. हँडबॉलला रेषच नाही. तो पायचीतच्या "अंपायर्स कॉल"सारखा आहे, फक्त इथे बॉल किती टक्के स्टंपला लागतोय हे सांगणारं चित्रही नसतं.

पंच मॉनिटरकडे धावला म्हणजे निर्णय बदलणारच ना?

बहुतेक वेळा बदलतो, कारण व्हिडिओसमोर बसलेल्या माणसाला चूक दिसली म्हणूनच त्याला बोलावलेलं असतं. पण शेवटचा शब्द मैदानावरच्या पंचाचाच, तो आपला निर्णय कायम ठेवू शकतो. आणि खेळाडूंनो, हवेत चौकोन काढून पंचाला टीव्ही दाखवत बसाल तर पिवळं कार्ड मिळतं. आमच्याकडे व्हीएआर नाही, तरी आठवीतली पोरंसुद्धा चौकोन काढतात!

स्लो मोशनमध्ये तर स्पष्ट दिसतं, मग वाद कसला?

स्लो मोशननेच वाद वाढतो. व्हीएआरच्या पद्धतीतच सांगितलंय की बॉल कुठे लागला यासारख्या गोष्टींसाठी संथ चित्र वापरा, पण तो हँडबॉलचा गुन्हा होता का हे ठरवायला नेहमीच्या वेगातलं चित्र बघा. कारण संथ केलं की प्रत्येक हात मुद्दाम गेल्यासारखा वाटतो. आमच्या पोरांना पटेना म्हणून मी सरावात मोबाइलवर शूट केलं. एकाने पाच फुटांवरून दुसऱ्याच्या अंगावर बॉल मारला. नेहमीच्या वेगात सगळे म्हणाले, "बिचारा". तेच संथ करून दाखवलं, तर निम्मे म्हणाले, "हा बघ, हात नेतोय!" हात तोच होता.

२०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हेच झालं. १५ जुलै, मॉस्को, फ्रान्स-क्रोएशिया १-१. कॉर्नरवर फ्रान्सचा ब्लेझ माट्युईडी पुढून उडाला, बॉल त्याच्यामागे असलेल्या क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला लागला. पंच नेस्तोर पिताना मॉनिटरपाशी गेले, बघितलं, निघाले, परत वळून पुन्हा बघितलं आणि पेनल्टी दिली. ग्रीझमनने गोल केला, पुढे ४-२. जो माणूस निघून पुन्हा वळतो, त्याच्यासमोर "उघड आणि ठळक" चूक होती का? मी तेव्हाही नाही म्हणत होतो, आताही नाही म्हणतो. माझ्याशी न पटणारे जळगावात पुष्कळ आहेत.

एकाच स्पर्धेत दोन सारखे प्रसंग, दोन वेगळे निर्णय. असं कसं?

युरो २०२४ बद्दल विचारताय, हो ना? २९ जूनला डॉर्टमुंडमध्ये डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनच्या बोटांना जर्मनीचा क्रॉस जेमतेम घासला. बॉलमध्ये सेकंदाला पाचशे वेळा नोंद घेणारा सेन्सर होता, आणि पडद्यावर क्रिकेटच्या स्निकोसारखी उसळलेली रेघ दिसली. पंच मायकेल ऑलिव्हरने पेनल्टी दिली, जर्मनीच्या हॅवर्ट्झने गोल केला. सहा दिवसांनी श्टुटगार्टमध्ये जर्मनीच्याच जमाल मुसियालाचा गोलकडे चाललेला जोरदार शॉट स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या हातावर आदळला. पंच अँथनी टेलरने खेळ चालू ठेवला, व्हीएआरनेही काही सांगितलं नाही, आणि स्पेन २-१ ने जिंकलं. सप्टेंबरात बातमी आली की युएफाच्या पंच समितीने ती पेनल्टी द्यायला हवी होती असं मान्य केलं. तोवर स्पेनचा चषक घरी पोचला होता.

यात मजा अशी की पहिल्या प्रसंगात सेन्सरने सिद्ध केलं ते फक्त एवढंच, की स्पर्श झाला. दुसऱ्यात स्पर्शाबद्दल वादच नव्हता. दोन्हीकडे खरा प्रश्न हात कसा होता हा होता. अँडरसनचा अंगापासून सुटलेला, कुकुरेयाचा खाली आणि आत येत असलेला. म्हणून टेलरला वाचवता येतं. पण गोलवर चाललेला शॉट अडला, याचं वजन मला जास्त वाटतं. मी असतो तर दुसरी दिली असती आणि पहिली दिली नसती, आणि दोन्ही देशांच्या शिव्या खाल्ल्या असत्या.

मॅराडोनाचा गोल आज रद्द झाला असता का?

दहा सेकंदांत. विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने बॉल हाताने गोलात ढकलला होता. २२ जून १९८६ च्या त्या मॅचमध्ये ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासूर यांना हात दिसला नाही, त्यांनी बल्गेरियाच्या लाइन्समनकडे बघितलं, आणि तिकडून झेंडा हलला नाही. त्याच मॅचचा तो बॉल बेन्नासूर यांच्याकडेच राहिला आणि २०२२ मध्ये लिलावात २० लाख पाउंडांना गेला. चुकलेल्या निर्णयाचं इतकं मानधन कुठल्याच पंचाला मिळालं नसेल! मला तर अजून मांडीवरचा ठसाच मिळालाय.

मग व्हीएआर काढूनच टाकावं का?

इंग्लंडमध्ये वुल्व्ह्ज क्लबने तसा ठराव मांडला. जून २०२४ मध्ये मतदान झालं, ठराव १९ विरुद्ध १ ने पडला. स्वीडनच्या लीगने मात्र ते घेतलंच नाही, कारण तिथे क्लब सदस्यांच्या, म्हणजे चाहत्यांच्या ताब्यात असतात आणि त्यांना ते नको होतं. गोल झाल्यावर उडी मारायची की थांबायचं, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. तरी ऑफसाइड आणि बॉल बाहेर गेला का, एवढ्यापुरतं ठेवावं आणि हँडबॉलमधून कॅमेरा बराच मागे घ्यावा, असं माझं मत.

भारतात व्हीएआर आहे का?

२०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला, त्यात होतं. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२४-२५ च्या मोसमापर्यंत आलं नव्हतं. कमी कॅमेऱ्यांच्या स्पर्धांसाठी फिफाने एक हलकी पद्धत काढलीय: वेगळा व्हिडिओ पंच नाही, प्रशिक्षकाने मॅचमध्ये दोनदा मागणी करायची आणि पंचाने स्वतः जाऊन पडद्यावर बघायचं. ती आपल्याला जास्त परवडेल. पण सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेच्या तालुका फेरीत आधी दोन्ही गोलांना जाळी असावी, एवढी माझी मागणी आहे.

आमच्याकडे मोबाइलवर शूट केलंय. दाखवलं तर निर्णय बदलाल?

नाही. अधिकृत व्यवस्था नसेल तर पंच कुठलाही व्हिडिओ बघू शकत नाही, आणि खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय बदलायची मुभा नसते. त्यामुळे टचलाइनवर मोबाइल नाचवत येऊ नका.

मॅच संपल्यावर मात्र टपरीवर या, व्हिडिओ घेऊन. चहा मी पाजतो. नेहमीच्या वेगात एकदा दाखवा, संथ करून नको.